भट्टीच्या तारखेपासून उलटे मोजा : बडोद्याच्या सिरॅमिक कलावंतांसाठी रेसिडेन्सी, नोकरी आणि पुरस्कार

आठ आठवड्यांची रेसिडेन्सी, म्हणजे दुसऱ्याच्या स्टुडिओत राहून काम करायची संधी, मिळाली की घरी पेढे वाटले जातात. आकडेमोड केली तर त्यात प्रत्यक्ष माती हातात राहते ती जेमतेम तीन आठवडे. पहिला आठवडा जागा समजून घेण्यात आणि तिथल्या मातीच्या चाचण्यांत जातो. शेवटचा पॅकिंग, प्रदर्शन आणि निरोपात. त्याआधीचा झिलईच्या (वरच्या काचेसारख्या थराच्या) भाजणीचा, त्याआधीचा बिस्किट भाजणीचा, म्हणजे झिलईआधीच्या पहिल्या भाजणीचा, आणि त्याही आधीचा निव्वळ वाळवणीचा. चित्रकार शेवटच्या रात्रीही रंग लावू शकतो, छापचित्रकार पहाटेपर्यंत प्रेस फिरवू शकतो. मातीवाल्याला तशी सोय नाही. म्हणून सिरॅमिकच्या अर्जाची पहिली ओळ लिहिण्याआधी शेवटच्या भाजणीची तारीख ठरवायची आणि तिथून मागे मोजत यायचे. ज्या अर्जात हा हिशेब दिसतो, तो निवड समितीतला भट्टी सांभाळणारा माणूस बाजूला काढून ठेवतो. अशा समित्यांत त्याच्या शब्दाला वजन असते.

बडोद्यात शिकायची सोय जुनी आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा १९५० पासूनची. शंखो चौधुरींचा शिल्पविभाग, इंदूरहून आलेले ना. श्री. बेंद्रे आणि पुढे दीर्घकाळ सिरॅमिक शिकवणाऱ्या ज्योत्स्ना भट्ट यांच्यामुळे इथल्या पदवीला देशभर ओळख आहे. अडचण पदवीनंतर सुरू होते. गुणपत्रिका हाती येते त्याच दिवशी भट्टी सुटते. चाक घरात बसते, पण १२५० अंशांची भट्टी दांडिया बाजारातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसत नाही. त्यामुळे आपल्यासाठी रेसिडेन्सी, अध्यापनाचे पद आणि पुरस्कार या तिन्ही गोष्टी एकाच गरजेभोवती फिरतात: भट्टी, जागा आणि ती चालवायला पैसा. अर्ज निवडताना हाच क्रम ठेवा. नुसते नाव मोठे आणि भट्टी दुसऱ्या गावी, अशी रेसिडेन्सी चित्रकारासाठी ठीक आहे, आपल्यासाठी नाही.

आधी यजमानांना विचारायचे प्रश्न

संकेतस्थळावर ‘सुसज्ज सिरॅमिक स्टुडिओ’ एवढेच लिहिलेले असते. त्यावर विसंबून प्रस्ताव लिहू नका. छोटी ईमेल करा आणि एवढे विचारा: भट्टीचे आतले माप किती, बाहेरचे नको. शेल्फ केवढे. वीज, गॅस की लाकूड. कमाल तापमान किती आणि नेहमी कोणत्या कोनला (ठरलेल्या उष्णतेला वाकणाऱ्या मातीच्या सुळक्याला) भाजतात. एका भाजणीचे पैसे कोण देतो. भट्टी भरतो कोण, तुम्ही की त्यांचा माणूस. रांग किती असते, म्हणजे एका वेळी किती कलावंत तीच भट्टी वापरतात. कोणती माती मिळते आणि किती किलो फुकट. बाहेरची माती त्यांच्या शेल्फवर चालते का.

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. आपल्याकडची लाल माती साधारण ११०० अंशांच्या वर फुगायला आणि बसायला लागते. स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त तापमानाला भाजायच्या घट्ट मातीच्या, भट्टीत ती ठेवली तर ती वितळून शेल्फला चिकटते आणि शेल्फची किंमत तुमच्या नावावर पडते. तशीच माती वापरायची असेल तर प्रस्तावातच लिहा की प्रत्येक नमुना स्टोनवेअरच्या कडा असलेल्या ताटलीत ठेवून भाजला जाईल. (माती कुंभाराकडून घ्या. विश्वामित्रीच्या काठी उतरून गोळा करण्यात धाडस असेल, पण त्या नदीत मगरी आहेत.)

उलटे वेळापत्रक, एक एक दिवस मोजून

समजा रेसिडेन्सी ५६ दिवसांची आहे. ५६व्या दिवशी निघायचे. ५० ते ५५ पॅकिंग, फोटो, सादरीकरण. झिलईची शेवटची भाजणी ४८व्या दिवसापर्यंत उघडलेली हवी, म्हणजे बिघडलेल्या एखाद्या वस्तूला पुन्हा भाजायला एक संधी उरते. भट्टी भरायला एक दिवस, भाजायला एक, थंड व्हायला दीड ते दोन. घाईने २०० अंशांवर दार उघडले तर थंड हवेच्या झोताने भांडे सरळ रेषेत तडकते. तो तडा धारदार, काच कापल्यासारखा असतो. १०० च्या खाली उतरल्याशिवाय दाराला हात लावू नका. म्हणजे झिलईची भट्टी ४४व्या दिवशी भरायची, आणि झिलई चढवायला त्याआधीचे तीन दिवस.

बिस्किट भाजणी ४०व्या दिवशी उघडायची असेल तर ३७व्या दिवशी ती भरलेली हवी. आणि इथे बहुतेक वेळापत्रके कोसळतात, कारण वाळवणीला दिवसच दिलेले नसतात. अर्धा सेंटिमीटर जाडीचा वाडगा आठवड्यात वाळतो. दोन सेंटिमीटर जाडीच्या शिल्पाला दोन ते तीन आठवडे लागतात, तेही प्लॅस्टिकखाली हळूहळू. बडोद्याच्या मे महिन्यात ताटली एका दुपारी वाळते आणि कडा उचलते, त्यामुळे आपल्याला वाळवणी म्हणजे थोपवायची गोष्ट वाटते. डेन्मार्कच्या ऑक्टोबरात किंवा जपानच्या पावसात उलटे होते, माती वाळतच नाही. वाळली की नाही हे बघायला वस्तू गालाला लावा. थंड लागली तर आत पाणी आहे. तशीच भट्टीत गेली तर १०० अंशांच्या आसपास आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि वस्तू फुटते. फुटताना शेजारच्या कलावंताच्या वस्तू घेऊन जाते, आणि उरलेले अडीच आठवडे त्याच्याच समोर बसून जेवायचे असते. जाड कामासाठी भट्टी रात्रभर ८० ते ९० अंशांवर ठेवून मगच पुढे न्यायची. ५७३ अंशांना क्वार्ट्झ अचानक प्रसरण पावतो, तो टप्पा चढताना आणि उतरतानाही सावकाश पार करायचा. बिस्किट साधारण १००० अंशांपर्यंत.

एवढे मागे आल्यावर जाड काम २०व्या दिवसापर्यंत आणि पातळ काम ३०व्या दिवसापर्यंत संपायला हवे, हे आपोआप कळते. हा हिशेब प्रस्तावात सहा-सात ओळींत लिहा. ‘पहिला आठवडा: संशोधन, दुसरा ते सातवा: निर्मिती’ असे वेळापत्रक वाचून परीक्षकाला एवढेच कळते की या माणसाने स्वतः भट्टी भरलेली नाही.

आटणीचाही हिशेब द्या. मातीच्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढा, वाळवून आणि पूर्ण भाजून पुन्हा मोजा. रेघ ८.८ भरली तर आटणी १२ टक्के. मग ३० सेंटिमीटर उंचीची वस्तू हवी असेल तर ३० भागिले ०.८८, म्हणजे ३४.१ सेंटिमीटरची करावी लागेल. अनेक जण ३० मध्ये १२ टक्के मिळवून ३३.६ करतात, आणि जिथे झाकण बसवायचे असते तिथे हे अर्धे सेंटिमीटर नडते. यजमानांच्या भट्टीची आतली उंची ३३ असेल तर तुमची ओली वस्तू आत जाणारच नाही. ती वाळून साधारण ६ टक्के आटल्यावर, म्हणजे ३२ ची झाल्यावर जाईल, पण वरून बोटभर जागाही उरणार नाही. प्रस्तावातले माप आधीच कमी करा.

अर्जातले फोटो

दहा फोटोंत अर्ज ठरतो. झिलईचे काम टिपणे अवघड, कारण चकाकीत खिडकीच काय, फोटो काढणाऱ्याचे डोकेही दिसते. उत्तरेच्या खिडकीजवळ टेबल लावा. भिंतीवरून टेबलावर वळत येणारा करड्या रंगाचा मोठा कागद टाका, मागे घडी दिसता कामा नये. खिडकीवर पांढरा सुती पंचा किंवा ट्रेसिंग पेपर ताणा. विरुद्ध बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा. फ्लॅश बंद. पोलरायझिंग फिल्टर फिरवला की बरीच चकाकी मरते, पण सगळी मारू नका, नाहीतर झिलई आहे की डिस्टेंपर हे कळत नाही. घरातला पिवळा दिवा आणि खिडकीचा निळसर उजेड एकत्र आले की सेलाडॉनचा (फिकट हिरव्या झिलईचा) रंग साफ खोटा येतो, तेव्हा दिवे मालवा.

दहांपैकी सात पूर्ण वस्तू, दोन अगदी जवळून आणि एक असा, ज्यात वस्तू केवढी आहे ते हाताशेजारी किंवा खोलीत ठेवून कळते. लांब बाजू २००० ते ३००० पिक्सेल, जेपीजी. फाइलचे नाव आडनाव, क्रमांक, शीर्षक, वर्ष अशा क्रमाने. व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवलेला फोटो अर्जाला जोडू नका, वाटेत त्याचा जीव गेलेला असतो. आणि गेल्या तीन वर्षांतलेच काम. पदवीच्या वर्षाचे गाजलेले शिल्प कितीही आवडते असले तरी सहा वर्षांनी ते अर्जात दिसले की मधली वर्षे रिकामी वाटतात.

निवेदन: आधी मराठीत बोला

इंग्रजीत थेट लिहायला बसले की ‘माझे काम माती आणि माणूस यांच्यातील नात्याचा शोध घेते’ छापाची वाक्ये येतात. अशी वाक्ये त्या ढिगात शंभर असतात. आधी फोनवर मराठीत दोन मिनिटे बोलून रेकॉर्ड करा, जणू मंडईत भेटलेल्या ओळखीच्या काकूंना सांगताय. मग उतरवा, मग भाषांतर करा. त्यातून असे काहीतरी निघेल: ‘आमच्याकडची लाल माती स्टोनवेअरच्या तापमानाला बसते. ही बसण्याची रेघ मला हवी आहे. पांढऱ्या स्टोनवेअरच्या चौकटीत लाल मातीचे थर भरून मी ११००, ११५० आणि १२०० अंशांना प्रत्येकी तीन चाचण्या करणार आहे.’ यात माती आहे, प्रश्न आहे, आकडा आहे, आणि नऊ चाचण्यांना भट्टीत किती जागा लागेल हेही वाचणाऱ्याला कळते. २०० शब्द पुरेत.

परदेशी अर्जात झिलईची कृती देताना आपल्या दुकानदाराने दिलेली नावे लिहू नका. थान-मोरबीहून आलेले फेल्डस्पार आणि युरोपातले फेल्डस्पार रसायनाने वेगळे असते, तीच कृती तिथे ओघळू शकते. ऑक्साइडांच्या प्रमाणात, म्हणजे सेगर सूत्रात कृती लिहिली की तिथला तंत्रज्ञ त्यांच्या मालातून ती जुळवून देतो. पावडरी सामानात नेऊ नका. विमानतळावर पांढऱ्या पुडीबद्दल खुलासा करत बसण्यापेक्षा भाजलेल्या चाचणीच्या पट्ट्या न्या.

शिफारसपत्र देणाऱ्याला चार आठवडे आधी सांगा, सोबत प्रस्ताव आणि अंतिम तारीख द्या. ‘सर, उद्या शेवटची तारीख आहे’ अशा निरोपाला मिळते ते पत्र कुणालाही लागू पडेल असेच असते.

कुठे अर्ज करायचा

जवळून सुरुवात करा. शहरातच अलेंबिकच्या आवारातला स्पेस स्टुडिओ आहे, बाहेर जासपूरला उत्तरायण आहे, आणि छापचित्रकारांसाठी १९९९ पासूनचे ‘छाप’. भोपाळच्या भारत भवनात १९८२ पासून कार्यशाळांची परंपरा आहे आणि सिरॅमिकची सोय आहे. रेल्वेने रात्रीत पोहोचता येते, हा फायदा लहान समजू नका, कारण पहिल्या रेसिडेन्सीनंतर २० किलो भांडी घरी आणायची असतात.

ललित कला अकादमीचे दिल्लीचे गढी स्टुडिओ १९७६ पासून चालू आहेत. तिथे आणि लखनौ, चेन्नईच्या प्रादेशिक केंद्रांत सिरॅमिकचे काम होते. शिकणेच अजून बाकी असेल तर हिमाचलातल्या आंद्रेटाला तीन महिन्यांचा निवासी अभ्यासक्रम आहे. पाँडिचेरीची गोल्डन ब्रिज पॉटरी १९७१ ची, आणि आजचे अनेक भारतीय स्टोनवेअर कलावंत त्याच अंगणातून गेलेले आहेत.

पैशासाठी केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाच्या योजना आहेत आणि त्यांत सिरॅमिक स्पष्टपणे धरलेले आहे, हे फार जणांना माहीत नसते. १८ ते २५ वयोगटातल्या कलावंतांची शिष्यवृत्ती दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षे. म्हणजे एकूण १,२०,०००, आणि ते सहामाही हप्त्यांत येतात. अट अशी की गुरू किंवा संस्थेकडे किमान पाच वर्षांचे शिक्षण झालेले असावे. वय २५ ते ४० साठी कनिष्ठ फेलोशिप दरमहा १०,००० आणि त्यापुढे वरिष्ठ फेलोशिप २०,०००, दोन्ही दोन वर्षांच्या. फेलोशिप संशोधनाची आहे. ‘मला भट्टी लावून भांडी करायची आहेत’ हा प्रस्ताव तिथे बसत नाही. ‘मध्य गुजरातच्या कुंभारांच्या उघड्या भट्टीतली इंधने आणि त्यांमुळे पडणारे काळे डाग’ हा बसतो. हप्ता उशिरा येतो हे गृहीत धरा आणि पहिल्या सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच कामाला लागा. सहामाही अहवाल अडला की पुढचा हप्ता अडतो.

अटींचा कागद नीट वाचायची सवय बडोद्याला नवी नाही. १९१३ साली डॉ. आंबेडकर कोलंबियाला गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, आणि त्या शिष्यवृत्तीसोबतही दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. आजच्या अटी सौम्य असतात: एक वस्तू यजमानांना द्यायची, स्थानिक मुलांसाठी कार्यशाळा घ्यायची, फोटोंचे हक्क द्यायचे. वस्तू कोणी निवडायची, तुम्ही की त्यांनी, हे सही करण्याआधी ठरवून घ्या.

परदेशात नेदरलँड्सच्या औस्टरवाइकचे युरोपियन सिरॅमिक वर्कसेंटर, डेन्मार्कच्या स्केल्स्कोरचे गुल्डागेरगार्ड, हंगेरीच्या केचकेमेटचा स्टुडिओ, अमेरिकेत मोंटानातले १९५१ पासूनचे आर्ची ब्रे आणि जपानचे शिगाराकी सिरॅमिक पार्क ही नावे पक्की आहेत. यांतल्या काही ठिकाणी पैसे मिळतात, काही ठिकाणी आपणच भरायचे असतात. त्यामुळे अर्जाआधी ‘निवास, माती, भाजणी, जेवण, विमान’ असे पाच रकाने आखा आणि प्रत्येकासमोर कोण देणार ते लिहा. तीन रकान्यांत तुमचे नाव आले तर चार्ल्स वॉलेस किंवा इनलॅक्स यांच्यासारख्या न्यासाकडे वेगळा अर्ज लागेल, आणि त्यांच्या तारखा रेसिडेन्सीच्या तारखांशी जुळवाव्या लागतील. चार्ल्स वॉलेस ब्रिटनपुरते आहे.

युरोपसाठी एक खोच. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक, अल्पमुदत व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, आणि उतरण्याचा व निघण्याचा दिवस दोन्ही मोजले जातात. १ जुलै ते ३० सप्टेंबर म्हणजे ‘तीन महिने’ म्हणून आपण खुशाल मान डोलावतो, पण ते ९२ दिवस होतात. तारखा ठरवतानाच दोन दिवस कापून मागा. विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोचे लागते. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात अहमदाबादच्या केंद्रात तारीख मिळायलाच वेळ लागतो, म्हणून पत्र हाती येताच अपॉइंटमेंट घ्या.

आणि नाव. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम, पॅनवर नावाच्या ओळीतून वडिलांचे नाव गायब, लग्नानंतरच्या आधारवर तिसरेच आडनाव. आपल्या मराठी घरांत हा गोंधळ जवळजवळ ठरलेला. ज्या नावाने पासपोर्ट, त्याच नावाने अर्ज, पोर्टफोलिओ, बँक खाते आणि शिफारसपत्र. मानधन परत गेलेले आढळते ते बहुधा इथेच.

शिकवायची नोकरी

विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायचे तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट, म्हणजे राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा. नेटमध्ये विषय दृश्यकला, क्रमांक ७९. पहिल्या पेपरात ५० आणि दुसऱ्यात १०० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नका. सिरॅमिकवाले दुसऱ्या पेपरात कलेतिहास आणि उपयोजित कलेवर अडकतात. त्याला अभ्यासाचा निम्मा वेळ द्या, भट्टीचे प्रश्न तुम्हाला असेही येणारच. सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये.

मराठी कुटुंबांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सेट त्या त्या राज्यापुरतीच चालते. पुण्याची सेट गुजरातेत उपयोगाची नाही. गुजरातची जी-सेट खुद्द आपले सयाजीराव विद्यापीठच घेते, तिच्या विषयांच्या यादीत आपला विषय आहे का ते त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. दुसरी गोष्ट, महाराष्ट्रातून मिळालेल्या जातीच्या दाखल्यावर गुजरात सरकारच्या पदांत आरक्षण मिळत नाही. मुलाखतीच्या दारात हे कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

नेट नसेल तर अतिथी व्याख्याता, डिझाइन संस्था आणि शाळा. अतिथी व्याख्यानाचा यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ठरवलेला दर प्रत्येकी १,५०० रुपये, महिन्याला कमाल ५०,०००. प्रत्यक्षात किती तास मिळणार हे लेखी घ्या.

मुलाखतीत चाकावर भांडे ओढून दाखवणे सगळ्यांनाच येते. विचारतात ते वेगळेच: २० विद्यार्थी, ५ चाके, एकच भट्टी, सत्र कसे चालवाल? तोंडी गणित तयार ठेवा. प्रत्येकाच्या तीन वस्तू म्हणजे ६०. ४५ बाय ४५ च्या शेल्फवर १२ सेंटिमीटर रुंदीचे मग मधे फट ठेवून तीन-तीनच्या ओळीत नऊ बसतात, चार शेल्फांवर ३६. बिस्किटात एकावर एक रचता येते, झिलईत येत नाही, तेव्हा बिस्किटाची एक आणि झिलईच्या दोन भाजण्या. चाकावर चार जणांमागे एक, म्हणून पाच जण चाकावर असताना पंधरा जण वळ्या आणि पाट्यांच्या कामावर, दर आठवड्याला गट बदलायचा. एवढे फळ्यावर मांडलेत तर समितीचे निम्मे प्रश्न संपतात. सुरक्षेचेही बोला: वाळलेली माती कधी झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, कारण सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते. शिसे असलेली झिलई विद्यार्थ्यांच्या हाती द्यायची नाही.

पुरस्कार

पहिली चाळणी प्रवेश शुल्काची. शुल्क असणे वाईट नाही, बॉम्बे आर्ट सोसायटीसारखी १८८८ पासूनची संस्थाही प्रवेशिका मागवते. पण शुल्क मोठे, परीक्षकांची नावे नाहीत, प्रदर्शन फक्त ऑनलाइन आणि ‘आंतरराष्ट्रीय’ प्रमाणपत्र सगळ्यांनाच, असे दिसले की पैसे मातीत घाला, निदान त्याचे भांडे तरी होईल. मागच्या तीन वर्षांचे विजेते आणि परीक्षक कोण ते बघा.

देशात ललित कला अकादमीचे राष्ट्रीय प्रदर्शन आणि राज्य अकादमीचे वार्षिक प्रदर्शन ही मुख्य दारे. मध्य प्रदेशातल्या मंडळींसाठी राज्य रूपंकर कला पुरस्कार आहेत. देवळालीकर, भांड, बेंद्रे, चिंचाळकर आणि धारचे शिल्पकार फडके अशी त्यांतली निम्मी नावे मराठीच, आणि ते खजुराहो महोत्सवात दिले जातात. सिरॅमिकच्या माणसाला इथे ‘शिल्प’ या वर्गात जावे लागते. त्यामुळे सहा कपांचा संच पाठवू नका, एकच मोठी, स्वतःच्या पायावर उभी राहणारी वस्तू पाठवा. संचच पाठवायचा तर मांडणीचा आराखडा माप घालून द्या, नाहीतर मांडणारे कामगार तो चहाच्या कपांसारखा ओळीत लावतील. २०१८ ला जयपूरला आणि २०२४ ला दिल्लीला झालेल्या इंडियन सिरॅमिक्स ट्रिएनालेत मात्र माती हाच विषय असतो, तिथे मांडणशिल्प आणि प्रयोग चालतात.

परदेशात इटलीतला फाएन्झा, जपानचा मिनो आणि कोरियाचा ग्योन्गी हे सिरॅमिकचेच मोठे मंच आहेत. लोएवे फाउंडेशनचा हस्तकला पुरस्कार ५०,००० युरोचा आहे आणि काम गेल्या पाच वर्षांतलेच लागते.

निवड झाल्यावरचे खोके

पुरस्काराच्या नियमांत वाहतूक कोण देतो हे आधी वाचा, कारण कुरिअरचे गणित वजनावर नसते. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५०००. ६० बाय ५० बाय ५० चे खोके रिकामे असले तरी ३० किलोचे धरले जाते, आत नऊ किलोचे भांडे का असेना.

दोन खोकी घ्या. आतल्या खोक्यात वस्तू फोममध्ये अशी की हलवली तर आवाज येऊ नये, बाहेरच्या आणि आतल्या खोक्यात चारी बाजूंना, खाली आणि वर किमान पाच सेंटिमीटर भराव. हँडल, चोच, पातळ कडा यांवर थेट टेप नको, आणि वजन कधीही त्यांच्यावर येता कामा नये. पोकळ शिल्पात आतूनही भराव घाला, पण ठासून नाही. लाकडी पेटी परदेशी जाणार असेल तर लाकूड उष्णतेने प्रक्रिया केलेले आणि त्यावर आयएसपीएम-१५ चा (लाकडी पॅकिंगमधल्या किडीविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का हवा, नाहीतर बंदरातच अडते. प्लायवूडला ही अट नाही, म्हणून पेटी प्लायवूडची करा. भराव काढताना कोणता तुकडा कुठे होता याचे क्रमवार फोटो झाकणाच्या आत चिकटवा, कारण परत पॅक करणारा माणूस वेगळा असतो.

काम परत येणार असेल तर निर्यातीची कागदपत्रे जपा, किंवा फिक्की या उद्योग-व्यापार महासंघाकडून एटीए कार्नेट (तात्पुरत्या निर्यातीचा सीमाशुल्क दस्तऐवज) घ्या. नाहीतर स्वतःचेच भांडे परत आणताना आयात शुल्क मागितले जाते. आणि काम टेराकोटाचे, धुरकट, जुन्या उत्खननातले वाटावे असे असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला आधीच काढून ठेवा. त्यासाठी वस्तूचे सर्व बाजूंचे फोटो, माप आणि तुमच्या हातून ती चाकावर होत असतानाचा एक तरी फोटो हवा. तो काढायची वेळ वस्तू ओली असतानाच असते.